महालातले बाइंडिंगवाले काका आणि सुझन अँथनीच्या खटल्याच्या २५ प्रती

दुकानाला पाटी नाही, म्हणून पत्ता आधी सांगते. नागपूरच्या महालात बडकस चौकाच्या अलीकडेच गाडी लावा, बोळीत चारचाकी शिरत नाही. तोंडाशी उसाच्या रसाचं दुकान आहे. त्याच्या मागच्या जुन्या वाड्याच्या पडवीत पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा दिसला की पोहोचलात. ‘बाइंडिंगवाले काका’ म्हटलं की शेजारचं पोरही दाखवतं. सकाळी अकरा ते दीड आणि संध्याकाळी साडेचार ते आठ. मधल्या वेळात जाऊ नका, ते जेवून आडवे होतात.

माझं काम असं होतं: ११२ पानांची पुस्तिका, २५ प्रती, दोऱ्याची शिलाई, पुठ्ठ्याचं कव्हर, पाठीला कापड. मजुरी प्रतीमागे १४० रुपये, एकूण ३,५००. कागद आणि छपाई माझी. आठ दिवस सांगितले होते, अकरा लागले. ते वरचे तीन दिवस माझ्याच चुकीमुळे लागले, आणि त्याच तीन दिवसांमुळे मी हे लिहायला बसले आहे.

मी ३१ वर्षं न्यायालयाच्या नक्कल विभागात काढली. हिरव्या लेजर पेपरवर निकाल टाइप करायचा, मूळ प्रतीशी शब्दन् शब्द ताडून पाहायचा, पानांना आकडे घालायचे, शिक्का मारायचा, दोऱ्याने बांधायचं. पक्षकार खेड्यावरून एसटीने आलेला असतो, त्याच्या हातात जे पडतं ते पुरं असलं पाहिजे. एक पान कमी पडलं तर अपिलात त्याचं काय होईल, हे त्याला कळतही नाही. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की लग्नपत्रिकासुद्धा मी आधी उलटून पाहते.

निवृत्तीनंतर आमच्या त्रिमूर्तीनगरातल्या चौदा बायकांचं वाचनमंडळ सुरू झालं. महिन्यातून दोन शनिवार. मागच्या वर्षी आम्ही रखमाबाईंचा खटला वाचला. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा १८८७ साली हुकूम झाला तेव्हा त्या बाई कैदेला तयार झाल्या होत्या. त्यावरून मंडळात प्रश्न निघाला, की मतासाठी कोणी बाई अशी कोर्टात उभी राहिली होती का? अमेरिकेत बायकांच्या मतासाठी लढलेल्या सुझन बी. अँथनीच्या खटल्याचं इंग्रजी वृत्त माझ्याकडे होतं. चार महिने रोज दुपारी बसून मी ते मराठीत उतरवलं.

पहिल्या २५ प्रती मी एका मोठ्या डिजिटल छपाईच्या दुकानातून करून घेतल्या. गरम गोंदाचं बाइंडिंग, चकचकीत कव्हर, दोन तासांत हातात. दिसायला देखण्या. मे महिन्यातला शनिवार, बाहेर ४५ अंश, खोलीत पंखा पूर्ण वेगात. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक ताई न्यायमूर्तींची वाक्यं वाचत होत्या, मी सुझनची. अर्ध्यात आलो तर उन्हाने गोंद मऊ पडलेला, आणि ताईंच्या हातातल्या प्रतीची पानं एकेक करून सुटायला लागली. पंख्याच्या वाऱ्याने चार पानं दिवाणाखाली गेली. बाकीच्या प्रती उघडून पाहिल्या, सगळ्यांचं तेच. तक्रार घेऊन गेले तेव्हा उत्तर मिळालं की पुस्तक पूर्ण उघडायचं नसतं. त्यानंतर एका जुन्या वकीलसाहेबांनी महालाचा पत्ता दिला.

काकांनी प्रत हातात घेतली, पाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बाई, हे नाही टिकत जी. याला शिवलंच नाही कोणी.” मग त्यांनी कागदाचा एक तुकडा उभा फाडला, एक आडवा. एकीकडून सरळ फाटला, दुसरीकडून वेडावाकडा. कागदाला कल असतो, घडी त्या कलाने पडली तर पुस्तक आपणहून उघडं राहतं, उलटी पडली तर मिटायला बघतं. बाजारातला तयार गठ्ठा बहुधा आमच्या मापाला उलटा पडतो, म्हणून मोठ्या तावातून कागद कापून घ्या, असं त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं कागदात काढली, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

काम करण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. चार तावांची एकात एक घडी घातली की सोळा पानांचं एक जुज होतं. माझ्या पुस्तिकेची सात जुजं. प्रत्येक जुजाच्या घडीवर दाभणाने पाच भोकं, मेण लावलेला सुती दोरा, एका जुजातून दुसऱ्यात गाठ. खळ ते स्वतः शिजवतात, मैद्याची, आणि तिच्यात मोरचूद घालतात म्हणजे कसर लागत नाही. कडक उन्हाचा नवतपा चालू होता, पण दाबाच्या खोलीत त्यांनी कूलर लावू दिला नाही, कारण दमट हवेने पुठ्ठा वाकतो. दुपारभर त्या खोलीत ते घामाने निथळत होते. मला सगळ्यात आवडली ती पेन्सिलची रेघ. सातही जुजं एकावर एक रचून पाठीवर ते एक तिरपी रेघ मारतात. एखादं जुज मागेपुढे झालं की रेघ तुटलेली दिसते. आमच्या विभागात ही रेघ असती तर कितीतरी रात्री मी निवांत झोपले असते.

पण रेघ जुजाचा क्रम सांगते, जुजाच्या पोटात काय आहे ते नाही सांगत. सहाव्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. “बाई, जज म्हणून राहिला बसा, बसा. अन् पुढचं पानच नाही. ७० नंतर एकदम ७५. बसली का मग ती?”

पाचव्या जुजातला सगळ्यात आतला ताव नऊ प्रतींमध्ये नव्हता. घरी गठ्ठे लावताना तो माझ्या हातून राहिला होता. ज्या बाईने आयुष्यभर पानं मोजली, तिची ७१ ते ७४ पानं राहिली, तीही नेमकी तीच. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. काकांनी घड्या घालता घालता वाचलं नसतं, तर ते तसंच शिवलं गेलं असतं.

त्या चार पानांपर्यंत गोष्ट कशी येते ते सांगायलाच हवं.

न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर शहर. १ नोव्हेंबर १८७२ ला ५२ वर्षांची सुझन आपल्या बहिणींना घेऊन मतदार नोंदणीला गेली. नोंदणी न्हाव्याच्या दुकानात चालू होती. चार वर्षांपूर्वीच अमेरिकेच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली होती: या देशात जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे आणि नागरिकांचे हक्क कोणतंही राज्य कमी करू शकत नाही. सुझनने ती दुरुस्ती निरीक्षकांना वाचून दाखवली. तिचं म्हणणं साधं होतं, बाई ही व्यक्ती आहे की नाही? तिघा तरुण निरीक्षकांनी चर्चा करून नावं लिहून घेतली. त्या दिवसांत शहरात जवळजवळ ५० बायकांनी नोंदणी केली. ५ नोव्हेंबरला सकाळी सुझनने मत टाकलं, आणि त्याच वॉर्डात आणखी चौदा बायकांनीही.

१८ नोव्हेंबरला अटकेचं काम करणारा सरकारी अधिकारी, मार्शल, घरी आला. कमिशनरसाहेबांनी भेटायला बोलावलंय, असं अवघडून म्हणाला. पुरुषांना अशीच अटक करता का, असं तिने त्याला विचारलं आणि रीतसर अटक करून घेतली. ट्राममध्ये कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा तिने मार्शलकडे बोट दाखवलं, मी सरकारी खर्चाने चालले आहे, पैसे यांच्याकडून घ्या. हा प्रसंग तिच्या चरित्रात आहे. मंडळात तो वाचला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

जो कायदा तिला लावला तो १८७० चा. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या मताला संरक्षण देण्यासाठी केलेला. त्यातलं बेकायदा मतदानाचं कलम काढून बायकांवर उगारलं. शिक्षा ५०० डॉलर दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. खटला उभा राहीपर्यंत ती गप्प बसली नाही. तिच्या मनरो जिल्ह्यातल्या २९ गावांमध्ये तिने एकच भाषण दिलं, नागरिकाने मत देणं हा गुन्हा आहे का? ज्यांच्यातून ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे साधे नागरिक, निवडले जाणार त्यांनाच ती समजावून सांगत होती. सरकारी वकिलाने खटला शेजारच्या ऑन्टॅरिओ जिल्ह्यात हलवून घेतला. तिने तिथेही २१ सभा घेतल्या, तिच्या सहकारी मटिल्डा गेज यांनी १६.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. त्यात निदान ज्युरीने निकाल दिला होता, मग तो फिरला ही पुढची गोष्ट. इथे १७ जून १८७३ ला कॅननडेग्वाच्या कोर्टात बारा पुरुषांची ज्युरी बसली खरी. सुझनला तिच्या वकिलाने, हेन्री सेल्डन यांनी, साक्षीला बोलावलं तर सरकार पक्षाने हरकत घेतली, की ही साक्षीला पात्र नाही. हरकत मान्य झाली. म्हणून सेल्डन स्वतः साक्षीदाराच्या जागी उभे राहिले. पुढे त्यांचा युक्तिवाद तीन तास चालला. तो संपल्यावर न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी खिशातून कागद काढला. निकाल आधीच लिहून आणलेला होता. ज्युरीने विचार करायला आत जायचंच नाही, दोषी म्हणून नोंद करायची, असा त्यांनी हुकूम दिला. सेल्डन यांनी मागणी केली की एकेका ज्युरीला विचारा. ती मागणी फेटाळून ज्युरीला घरी पाठवलं.

मी हजारो निकालांच्या नकला केल्या. कुणाच्या बाजूचा निकाल आहे ते आम्ही बघायचं नसतं. पण हा भाग टाइप करताना माझा हात थांबला होता, हे मी कबूल करते.

दुसऱ्या दिवशी, शिक्षा सुनावण्याआधी न्यायमूर्तींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आरोपीला काही म्हणायचं आहे का? माझं पान ७० इथे संपतं.

७१ ते ७४ म्हणजे ती जे बोलली ते. पुष्कळ म्हणायचं आहे, असं म्हणून तिने सुरुवात केली. तुम्ही हुकमाने दिलेल्या या निकालात आमच्या राज्याचं प्रत्येक मूळ तत्त्व पायदळी तुडवलं गेलं. माझे ज्युरी माझ्या बरोबरीचे नव्हते, कारण त्यातला प्रत्येक जण कायद्याने माझ्यावरचा मालक होता. कायदा पुरुषांनी केला, अर्थ पुरुषांनी लावला, चालवला पुरुषांनी, पुरुषांच्या सोयीने. हंट म्हणतात, हे ऐकून घेता येणार नाही. ती बोलत राहते. हंट म्हणतात, आरोपीने खाली बसावं. ती बोलत राहते. पळून आलेल्या गुलामाला पाण्याचा पेला देणं हाही काल गुन्हा होता, ज्यांच्या काळजात माणुसकी होती त्यांनी तो केला, तसंच बायकांनी आपला हक्क घेतला, असं सांगते. शेवटी ती बसते, आणि हंट लगेच म्हणतात, आरोपीने उभं राहावं. १०० डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च. त्यावर ती म्हणते, या अन्यायाच्या दंडातला एक डॉलरही मी कधी भरणार नाही.

ही चार पानं घेऊन मी दुसऱ्याच दिवशी महालात गेले. काकांनी ती उभ्याउभ्याच वाचली. मग विचारलं, “भरला का दंड?” नाही, मरेपर्यंत नाही. “मग जेलात गेली?” नाही. “मग जिंकलीच ना.”

नाही जिंकली, काका. इथेच तर सगळं अडलं. दंड वसूल होईपर्यंत तिला कैदेत टाका, असा हुकूम हंट यांनी मुद्दाम दिला नाही. कैदेत गेली असती तर बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे ही कैद कायदेशीर आहे का ते तपासा असा, अर्ज करून ती सर्वोच्च न्यायालयात पोहोचली असती. अशी एक वाट आधीही बंद झाली होती. जानेवारी १८७३ मध्ये जामिनाची रक्कम १,००० डॉलर केली गेली, ती द्यायला ती तयार नव्हती. सेल्डन यांना एका सन्माननीय बाईला तुरुंगात गेलेलं बघवेना, त्यांनी आपल्या खिशातून भरून टाकली. बाहेर आल्यावर दुसऱ्या वकिलाने तिला सांगितलं, की यामुळे सर्वोच्च न्यायालयाचा रस्ता गेला. ती धावत परत गेली, पण उशीर झाला होता. सेल्डन यांचा हेतू चांगला होता. चांगल्या माणसाच्या दयेने खटला कसा बुडतो, ते या एका पानावर आहे, आणि मला ते हंट यांच्या निकालापेक्षाही जास्त लागतं.

काका शिकंजाच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, “अन् ज्यांनी तिला मत टाकू दिलं ते पोरं?” मंडळात चौदा जणींपैकी कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता. त्या तिघा निरीक्षकांवरही खटला झाला, प्रत्येकी २५ डॉलर दंड. दंड भरला नाही म्हणून १८७४ च्या फेब्रुवारीत त्यांच्यातले दोघं तुरुंगात गेले. ज्यांना मत देऊ दिलं त्या बायका त्यांच्यासाठी जेवण घेऊन जात. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना माफी दिली.

अपिलाची वाट बंद झाल्यावर सुझनने काय केलं, तर खटल्याचं सगळं वृत्त छापलं. आरोपपत्र, सेल्डन यांचा युक्तिवाद, हंट यांचा निकाल, निरीक्षकांचा खटला, सगळं एकत्र. १८७४ मध्ये, रॉचेस्टरच्याच एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात. जे न्यायालयात वर नेता आलं नाही ते तिने कागदावर नेलं. आज दीडशे वर्षांनी ते माझ्या टेबलावर पोहोचलं ते कोणीतरी तेव्हा पानं नीट लावून बांधली म्हणून. काकांच्या कामाला मी इतकं का महत्त्व देते, त्याचं कारण हे आहे. जिला कोर्टात उभं करून शंभर डॉलरचा दंड ठोठावला, तिचाच चेहरा १९७९ साली अमेरिकेच्या एक डॉलरच्या नाण्यावर आला. २०२० मध्ये तिला मरणोत्तर माफी जाहीर झाली, तेव्हा रॉचेस्टरमधल्या तिच्या घराच्या संग्रहालयाने ती नाकारली. गुन्हाच नव्हता तर माफी कशाची? मला हे फार पटलं.

एक गोष्ट मी पुस्तिकेच्या सुरुवातीलाच लिहिली आहे आणि इथेही लिहिते. काळ्या पुरुषांना मत देणाऱ्या पंधराव्या दुरुस्तीला सुझनने विरोध केला होता, बायका वगळल्या म्हणून. त्या भांडणात तिने आणि तिच्या सोबतिणींनी अशा लोकांची मदत घेतली, असे शब्द वापरले, की वाचताना मान खाली जाते. त्याच १८७२ च्या निवडणुकीत सोजर्नर ट्रुथ ही गुलामीत जन्मलेली बाई मिशिगनमध्ये मत द्यायला गेली होती आणि तिला परत पाठवलं गेलं. तिच्या नावाने खटला झाला नाही, वृत्त छापलं गेलं नाही. तिच्यासाठी मी एक पान ठेवलं आहे, पण ते पुरेसं नाही, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या वाचनाला नवीन प्रती होत्या. पूर्ण उघडून मांडीवर ठेवल्या तरी मिटल्या नाहीत, एकही पान हललं नाही. पंखा तोच होता. त्या दिवशी चर्चा आपल्याकडे वळली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांत हे जास्त झालं. त्याच निवडणुकीत आपल्या नागपूरने अनसूयाबाई काळे यांना लोकसभेत पाठवलं. ८१ वर्षांच्या आमच्या आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, माझ्या आईला सगळे नानाची आई म्हणत, तिचं नाव मला तेराव्याला कळलं. त्यानंतर आम्ही वाचन तिथेच थांबवलं.

आता तुमच्या उपयोगाचं. घाई असेल तर काकांकडे जाऊ नका. सोनेरी अक्षरं ते करत नाहीत, नाव हवं असेल तर छापील पट्टी तुम्ही न्यायची, ते चिकटवतील. फोनवरून पैसे घेत नाहीत, रोख न्या. पावसाळ्यात खळ वाळायला दुप्पट दिवस लागतात, ते आधीच सांगतात. पीएचडीचे प्रबंध, जुन्या पोथ्या, वह्या, सगळं शिवतात. फाटकी पोथी नेलीत तर पहिल्या आणि शेवटच्या पानाचा आधी फोटो काढून ठेवा, तेच सांगतात तसं. आणि घरून निघण्याआधी पानं मोजा.

पोळ्यानंतर मला दुसरी खेप द्यायची आहे. तिच्यात व्हर्जिनिया मायनर यांचा १८७५ चा निकाल जोडायचा आहे. सुझनचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो या बाईच्या दाव्यातून, आणि न्यायालय म्हणालं, बायका नागरिक आहेत, पण नागरिक असणं म्हणजे मताचा हक्क नव्हे. घटनेत बदल व्हायला १९२० उजाडलं, सुझन १९०६ मध्येच गेली होती. म्हणजे एक जुज वाढेल. काकांना विचारलं तर म्हणाले, सोळाच्या हिशोबाने आणा बाई, चौदाच भरली तर दोन कोरी सोडा, वाचणाऱ्याला लिहायला होतात.